पान सातवं

निखिल, राधा,

हे मी तुमच्या आजोबांना कधी सांगितलं नाही. तुमच्या आईलाही नाही. रोज सकाळी देवासमोर बसते, तेव्हासुद्धा हे बाजूला ठेवूनच बसते. पाहुणे यायच्या आधी मोडकी खुर्ची आतल्या खोलीत सरकवावी, तसं. तुमचं पत्र आलं नसतं तर ते तिथंच राहिलं असतं.

तुम्ही लिहिता की नवी काचेची टाकी आणली, त्यात निळा बेट्टा मासा सोडला आणि दोनच दिवसांत तो मलूल झाला. पुढे राधाच्या अक्षरात आहे — ‘आजी, तुला यातलं काय माहीत असणार म्हणा.’

मला माहीत आहे. आमच्याकडे त्याला सयामी लढाऊ मासा म्हणत.

पत्राचं उत्तर मी नेहमीप्रमाणे आकडे घालून लिहायला घेतलं. एक : टाकीवर झाकण हवं, कारण हा मासा उडी मारतो, पण पाणी आणि झाकण यांत चार बोटं जागा सोडा, तो वर येऊन हवा घेतो. दोन : नराच्या टाकीत दुसरा नर घालू नका, आरसाही लावून ठेवू नका. तीन : तिकडे थंडी असते, तेव्हा पाणी कोमट राहील असं बघा, आणि खायला थोडं घाला, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं. चार : पाणी —

इथे मी थांबले. दोन दिवस पत्र तसंच मेजावर पडून होतं.

माझ्या लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. मी एकोणीस वर्षांची. आमचं घर लोणावळ्यात, बाजारापासून जरा वर. तुमचे आजोबा नोकरीसाठी मुंबईत असत आणि शनिवारी घरी येत. घरात सासूबाई, मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी आयुष्यभर रेल्वेत कारकून होते. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा उरला होता, आणि डोळे. त्यांचं इंग्रजी फार चांगलं होतं. मी मॅट्रिक झालेली सून, म्हणून रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. ते डावा हात पुढे करत, मी त्यात पत्र ठेवत असे, ते एकदा मथळ्यांवरून नजर फिरवून परत देत, आणि मग मी वाचत असे.

चौथी व्यक्ती हौसाबाई. ती लोहगडवाडीची. अकरा वर्षं आमच्याकडे पाणी भरायची, भांडी घासायची. मागच्या अंगणातल्या खोलीत मुलीला घेऊन राहायची. मुलगी, पारू, लोणावळ्याच्या शाळेत तिसरीत होती. वाडीवर शाळा नव्हती, म्हणून तर हौसाबाई पारू झाल्यावरही खालीच राहिली होती. हे तिनं मी सासरी आल्या-आल्या मला सांगितलं होतं.

दिवाळीनंतर तुमच्या आजोबांनी मासा आणला. कोणा बोटीवरच्या ओळखीच्या माणसानं दिला होता. लोखंडी चौकटीची काचेची टाकी, तळाला वाळू, आणि सोबत बारा पानांची एक इंग्रजी पुस्तिका. टाकी मामंजींच्या खाटेशी ठेवली. मासा जांभळट लाल होता. त्यानं पर पसरले की मामंजींचे डोळे त्याच्याबरोबर फिरत. वर्षभरात ते डोळे कशाच्याही मागे गेले नव्हते. सासूबाई दाराशी उभ्या राहून माशाकडे नाही, त्यांच्याकडे बघत असत. माशाची सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. पुस्तिका वाचता येणारी मीच ना?

मी सहा पानं वाचली. टाकी कुठे ठेवावी, झाकण कसं असावं, अन्न काय घालावं. सातव्या पानावर ‘पाणी’ असा मथळा होता. तिथे मी पुस्तिका मिटली. — का मिटली? कारण पाण्याची स्वच्छता मला पुस्तकातून शिकायची गरज वाटली नाही. आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी शिळं. भांडी रिकामी करायची, चिंचेनं घासायची, ताजं भरायचं. मी माहेरीही हेच करत आले होते, आणि माझ्याइतका लख्ख हंडा त्या आळीत कुणाचा नव्हता.

तेव्हा रोज सकाळी मी मासा वाडग्यात काढायची. टाकीतलं सगळं पाणी उपसायची. काचा पुसायची, वाळू धुवायची, आणि चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी ओतायची. मामंजी खाटेवरून बघत असत.

हौसाबाईचं काम माशाला अळ्या आणून द्यायचं. मागच्या दगडी डोणीत डासांच्या अळ्या होत, त्या ती फडक्यानं गाळून आणायची आणि चिमटीनं चार-पाच सोडायची. मासा तिचं बोट ओळखायला लागला होता. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, “वैनी, ह्यो मासा हाय का देवाचं ताम्हन? रोज घासून काडताय!”

मी म्हटलं, पाणी शिळं होतं.

“हुंद्या की. आमच्या गडावरच्या टाक्यात मासं हायेत, त्यांचं पानी कोन बदलतंय? जुन्या पान्यात त्येचा जीव रमतो. रोज नव्या घरात निजल्यावानी न्हाई का हुनार त्येला?”

“गडावरचं टाकं वेगळं, हौसाबाई.”

“व्हय, आसंल,” ती हसली. “तुमी शिकल्याल्या. आमाला काय, आमी आपलं बगून सांगतो.”

पाचव्या दिवशी माशाचा रंग उतरला. पर अंगाला चिकटल्यासारखे झाले. तो वरच्या कोपऱ्यात नुसता तोंड उघडत राहिला. मला वाटलं, पाणी पुरेसं स्वच्छ नाही. मी दोन वेळा बदलायला लागले. हंडा आणखी जोरात घासला.

नवव्या दिवशी सकाळी तो वाळूवर आडवा होता.

मी त्याला काढलं नाही. आधी कपाटातून पुस्तिका आणली आणि सातवं पान उघडलं. त्यात लिहिलं होतं की टाकी नवी असेल तर पाणी कधीही सगळं काढू नये. मुरलेल्या पाण्यातच मासा टिकतो. आठवड्यातून एकदा चौथाई भाग बदलावा, तोही तितकाच कोमट. आणि खालून चौथ्या ओळीत — तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी माशाला विष आहे.

पुस्तिका हातात होती तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग मामंजींकडे. मामंजी छताकडे बघत होते. हौसाबाई फडक्यात अळ्या घेऊन दारात उभी.

सासूबाई म्हणाल्या, “बघ बाई त्या पुस्तकात, कशानं मेला ते.”

पान उघडंच होतं. माझं बोट त्या ओळीवर होतं. मी सांगू शकले असते, नाही का? फार तर काय झालं असतं? सासूबाई एक वाक्य बोलल्या असत्या — शिकलेल्या सुनेचा हा उपयोग. ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

मी त्या ओळीवर बोट ठेवून, वाचल्यासारखं म्हणाले : “यात लिहिलंय, तंबाखू लागलेल्या हातानं अन्न घातलं तर मासा मरतो.”

हौसाबाई दातांना भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावायची. तिच्या उजव्या हाताचं बोट कायम काळं असे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

ती भांडली नाही. भांडेल असं मला वाटलं होतं. ‘वैनी, तुमचं पानी’ असं म्हणेल, आणि मग काय बोलायचं तेही मी मनात जुळवायला लागले होते. तिनं आपल्या बोटाकडे बघितलं.

“बुकात लिवलंय?”

“हो.”

“मंग खरंच आसंल,” ती म्हणाली. “माज्याच हातनं गेला म्हना की.”

तेव्हा मामंजींनी डावा हात पुढे केला. रोज दुपारी करत तसाच, तळवा वर. त्यांना पुस्तिका हवी होती.

मी म्हटलं, “दुपारी वाचून दाखवते हं.” आणि ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सासूबाईंनी त्याच दिवशी हौसाबाईला खोली सोडायला सांगितलं. आवाज चढवला नाही. “यांना एवढी एक गोष्ट उरली होती, हौसा,” इतकंच म्हणाल्या. ती दोन गाठोडी आणि पारू घेऊन मळवलीच्या रस्त्यानं वाडीकडे गेली. पारूची शाळेची पाटी पारूच्याच डोक्यावर होती, उन्हासाठी. मी मागच्या दारातून बघितलं. मग आत येऊन टाकी पुसून कोरडी केली. मला काही वाटलं नाही. रडू आलं नाही, झोप गेली नाही. त्या दुपारी मी पोटभर जेवले. काय जेवले तेही आठवतं — मुळ्याची भाजी होती.

शनिवारी तुमच्या आजोबांनी विचारलं, मी तेच सांगितलं. त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं आणि पाय धुवायला गेले. पुस्तिका मागितली नाही. बायकोला इंग्रजी येतं, मग आपण कशाला बघायचं?

मामंजी पुढे दोन वर्षं होते. रोज दुपारी त्यांचा हात पुढे यायचा. मी त्यात वर्तमानपत्र ठेवायची. पूर्वी ते मथळे बघून परत देत. आता पत्र तसंच पांघरुणावर सोडून देत आणि हात पुन्हा पुढे करत. तळवा वर. मी पत्र उचलायची, आणि वाचायला लागायची. शेवटच्या दिवसापर्यंत. सासूबाईंना वाटे, बिचाऱ्यांना आता काही कळत नाही.

हौसाबाई मला आणखी एकदा भेटली. सात-आठ वर्षांनी, लोणावळ्याच्या बाजारात. करवंदांची पाटी घेऊन बसली होती. तुमची आई माझ्या कडेवर. हौसाबाईला आनंद झाला; खरंच झाला. पारूचं लग्न झालं म्हणाली. शाळा तिसरीतच राहिली. मग तिनं तुमच्या आईसाठी पळसाच्या पानात करवंदं बांधली, पण तिच्या हातात दिली नाहीत. पुडा माझ्यासमोर ठेवला आणि बोट उचलून दाखवलं.

“मिसरी सोडली बगा, वैनी. मासा गेला तवापास्नं. तरी बी ल्येकराच्या खान्याला हात लावाया भ्या वाटतं. आमच्या पारूचं प्वार बी म्या भरवत न्हाई.”

माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, “मिसरी सोडलीस ते चांगलं केलंस.”

आणि करवंदं घेऊन घरी आले. त्यानंतर ती मला दिसली नाही. लोहगडवाडी आमच्या घरापासून फार दूर नव्हती. मी गेले नाही.

तर, चार : पाणी सगळं बदलू नका. चौथाईच बदला, आणि टाकीतल्याइतकंच कोमट असू द्या. तांब्याचं भांडं टाकीजवळ नेऊ नका. राधा, मासा मलूल दिसला म्हणून टाकी धुवायला घेऊ नकोस. तिकडचं नळाचं पाणी कसं असतं ते मला ठाऊक नाही, कुणा जाणत्याला विचारून घ्या.

ती पुस्तिका या पाकिटात घालते आहे. मी कागद टाकत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. तिचे कोपरे कसरीनं खाल्लेत, पण सातवं पान शाबूत आहे. तुम्हांला इंग्रजी येतं. खालून चौथी ओळ.

— आजी