पोलंडमध्ये भिजलेली घोंगडी

आमच्या गावात कुणाला लागीर झालं की मी थर्मामीटर घेऊन जायचे. खरंच सांगते. दोनदा नुसता ताप निघाला आणि एकदा त्या मुलीला ठरत आलेलं लग्न मोडायचं होतं. त्यामुळे इथले अनुभव वाचताना निम्मे मला ॲसिडिटीचे वाटतात... राग मानू नका. हा माझा आहे म्हणून खरा माना, असंही माझं म्हणणं नाही. घडलं तसं क्रमाने लिहिते. कुठे फट दिसली तर कमेंटमध्ये सांगा, मी स्वतः शोधून थकले आहे.

आमचं गाव धारूर तालुक्यात, डोंगराच्या कडेला. आम्ही धनगर. आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, साठेक मेंढरं होती. ते आणि माझे चुलते, नाना, रोज कळप घेऊन माळावर जायचे. तो माळ मुरमाड, मोकळा आणि तांबड्या मातीचा आहे. आडोसा म्हणाल तर चार बाभळी, त्याही वाकलेल्या.

मी संभाजीनगरला एम.एस्सी. केमिस्ट्री करत होते. दुसऱ्या वर्षी पोलंडमधल्या एका विद्यापीठात एका सेमिस्टरच्या एक्सचेंजसाठी माझी निवड झाली. गावभर बोभाटा झाला. कुणी विचारलं, पोलंड अमेरिकेच्या अलीकडं का पलीकडं? आण्णांनी एकच विचारलं.

"तितं थंडी लई असती म्हनं?"

"असते. पण खोलीत हीटर असतो, आण्णा."

"आन् त्यो बंद पडला मंजी?"

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या बॅगेवर ठेवली. काळी, जाड, चांगली तीन किलोची. मी वैतागले. विमानात तेवीस किलोच चालतं, हे त्यांना चारदा सांगून झालं होतं.

"मग तुम्ही काय पांघरणार?"

"मला दुसरी हाय की."

घोंगडी मोकळी द्यायची नसते, अशी आमच्यात रीत. त्यांनी एका कोपऱ्यातल्या दशीत, म्हणजे काठाच्या लोंबत्या दोऱ्यांपैकी एकात, चिमूटभर भंडारा पुरचुंडीत बांधला आणि घट्ट गाठ मारली. एअरपोर्टवर पिवळी पूड दिसली तर काय सांगू, या विचाराने मी ती गाठ सोडणार होते. पण गाठ सुटेना. मग शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला आणि घोंगडी घेऊन गेले.

अजून एक रीत इथेच सांगते, पुढे लागेल. एखाद्या कोकराची आई मेली तर मेंढका आपल्याच घोंगडीची एक दशी तोडून त्याच्या गळ्यात बांधतो. तो दोरा दिसला की कुणीही ओळखावं, याला आई नाही, दुसऱ्या मेंढीला लावून पाजायचंय. लहानपणी अशी कोकरं मी बाटलीने पाजली आहेत.

पोलंडला हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत मार्ता होती, पोर्तुगालची. जीव लावणारी, पण बडबडी. पहिल्याच आठवड्यात सगळ्या परदेशी मुलांची एक संध्याकाळ झाली, प्रत्येकाने आपल्याकडची एक वस्तू दाखवायची. मी घोंगडी अंगावर घेऊन उभी राहिले. मार्ताने फोटो काढला. त्यात कोपऱ्यातली पिवळट गाठ स्वच्छ दिसते. हा फोटो अजून माझ्याकडे आहे.

बाकी घोंगडीचा उपयोग शून्य. हीटर इतका की आम्ही खिडकी उघडून झोपायचो. घडी घालून ती पायथ्याशी ठेवलेली असायची.

मार्च महिना. मंगळवार. सकाळी नऊ ते बारा लॅब. मार्ता माझ्याच टेबलावर होती, तीन तास ती डोळ्यांसमोर होती, हे लक्षात ठेवा. बाहेर कोरडी थंडी, ना पाऊस ना बर्फ. सव्वाबाराला आम्ही खोलीवर आलो. कुलूप मीच उघडलं.

आधी वास आला. मार्ता नाकाला हात लावून म्हणाली, "इथे एखादा प्राणी शिरलाय का?" मी दारातच थांबले. तो वास मला ओळखू येत होता. भिजलेल्या मेंढरांचा वास, पावसाळ्यात आमच्या दारात असतो तसा.

घोंगडी सकाळी ठेवली तशीच होती, घडी घातलेली. उचलायला गेले तर उचलेना. पूर्ण भिजून जड झाली होती. आणि खालची चादर? कोरडी ठणठणीत. मी हात फिरवला, मार्ताने फिरवला. गादी कोरडी, छत कोरडं, हीटरचा पाइप कोरडा.

बाथरूममध्ये नेऊन दोघींनी पिळली. पाणी तांबूस निघालं. घोंगडीच्या आतल्या बाजूला हातभर पट्टा चिकट, पिवळसर लागला होता. मार्ता म्हणाली, "शी! हे काय आहे?" ज्यानं मेंढी विताना पाहिली आहे त्याला ते सांगावं लागत नाही.

मला राग आला होता, भीती नव्हे. कुणीतरी चेष्टा केली, असंच मी धरून चालले. खाली ऑफिसमध्ये जाऊन विचारलं. तिसरी चावी त्यांच्या कपाटात होती, सकाळपासून कुणी मागितली नव्हती. आणि चेष्टा करणाऱ्याने तिथे असं काही आणलं कुठून? घोंगडी बाथरूममधल्या नळीवर वाळत घातली आणि चहा ठेवला.

एक वाजता आईचा फोन आला. म्हणजे तिकडे साडेपाच. या वेळी ती कधीच करत नाही.

"बाई, गारा पडल्या गं. लिंबाएवढाल्या! पत्रं फुटली. नाना घरी आला, डोकं फुटून रगताळलाय. तुजे आण्णा न्हाई आले अजून."

गारपीट साडेतीनला सुरू झाली आणि अर्धा तास झोडपत होती. नाना आणि आण्णा माळावर शंभर-दीडशे पावलांच्या अंतरावर होते. नंतर नानाला काही दिसलंच नाही.

मी म्हणाले, "घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली असेल गं त्यांनी. डोकं वाचलं असेल."

आई म्हणाली, "कुटली घोंगडी? ती तर तुज्याकडं हाय."

"त्यांची दुसरी..."

"दुसरी कवाच कसरीनं खाल्ली, माय. मी चुलीत घातली दिवाळीच्या आदी. तुला सांगू नको म्हनले, पोरगी न्यायची न्हाई मग."

त्यानंतरचा सव्वा तास मला नीट आठवत नाही. मार्ता माझा हात धरून बसली होती एवढं आठवतं. मी फोनवर तिकिटं बघत होते आणि मनात आण्णांना शिव्या देत होते. खोटारडा माणूस! उघड्या माळावर डोक्याला नुसता फेटा, आणि त्यांची घोंगडी इथे हीटर चालू असलेल्या खोलीत. ती मी आणली होती. तेवीस किलोचं वजन पाचदा करून मीच आणली होती.

सव्वादोनला फोन आला. आण्णा सापडले होते. जिवंत.

माळाच्या मधोमध बसले होते, पोटाशी ताजं कोकरू धरून. भोवती अकरा मेंढरं मरून पडलेली, त्यात त्या कोकराची आईही. नानाला धारूरच्या दवाखान्यात सात टाके पडले. आण्णांना खरचटलंसुद्धा नव्हतं. मी मोठ्याने रडले, आणि मार्तालाही रडू आलं, तिला एक अक्षर कळलं नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. नाना डोक्याला पट्टी बांधून पुढे बसला होता.

"तुज्या बापाला एक गार शिवली न्हाई बग. फेटा सुदिक कोरडा! मी इचारलं, कावून बे, तू काय छत्री घेऊन बसलतास का?"

आण्णा मागे कोकरू घेऊन बसले होते. म्हणाले, "घोंगडी होती की अंगावर. खोळ मारून बसलतो."

आईने कपाळावर हात मारला. "अवो, घोंगडी पोरीकडं हाय!"

आण्णांनी कॅमेऱ्यात माझ्याकडे पाहिलं. मग वाद न घालता म्हणाले, "असंल मग तसं."

त्यांनी कोकरू वर उचललं, मला दाखवायला. गळ्यात काळा दोरा होता. मी म्हटलं, आण्णा, जरा जवळ आणा. दोऱ्याच्या टोकाला पिवळट गाठ होती.

मी उठून बाथरूममध्ये गेले. घोंगडी वाळत आली होती. चारही कोपरे पाहिले. भंडाऱ्याची दशी नव्हती. तिच्या जागी तुटकं, कुरतडल्यासारखं टोक होतं. आण्णा दोरा नेहमी दातानेच तोडतात.

तरीही मी लगेच मानलं नाही. माझ्या स्वभावात ते नाही. गाठ प्रवासात तुटली असेल? फोटो पाहिला, पोलंडमधल्या फोटोत आहे. आण्णांनी घरात पडलेल्या दुसऱ्या कुठल्या दोऱ्यात भंडारा बांधला असेल? आई म्हणाली, घरात काळ्या लोकरीचा धागा नाही, आणि सापडले तेव्हा कोकराच्या गळ्यात दोरा होताच, आणायला गेलेल्या चौघांनी पाहिला.

जुलैत परत आले. कोकरू आता दांडगं झालं होतं, अंगणात सगळ्यांना ढुशा देत फिरत होतं. दोरा अजून गळ्यात. मी घोंगडी बाजेवर पसरली, कोकराला धरून आणलं आणि दोऱ्याचं टोक कोपऱ्यातल्या तुटक्या टोकाला लावलं. जुळलं. नंतर संभाजीनगरला नेऊन दोन्हींचे तंतू मायक्रोस्कोपखालीही पाहिले. सारखे दिसले. पण एकाच कळपाच्या लोकरीच्या कितीतरी घोंगड्या होतात, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे.

नाना म्हणतो, बिरोबानं राखलं. आई म्हणते, कुणाला सांगत बसू नको, नजर लागते. मार्ता अजून मेसेज करून विचारते, त्या ब्लँकेटचं, म्हणजे घोंगडीचं, काही कळलं का. मी तिला दर वेळी नाही म्हणूनच कळवते.

आण्णा या विषयावर बोलत नाहीत. त्या दिवशी अंगणात मी दोरा जुळवून दाखवला तेव्हाही फक्त घोंगडीवरून हात फिरवत राहिले. मी जरा चिडूनच म्हणाले, "दुसरी हाय म्हणून खोटं का बोललात? काही झालं असतं म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे न बघता, चोरी पकडली गेल्यासारखं विचारलं,

"त्या दिवशी तुला तितं थंडी न्हाई ना वाजली, बाई? घोंगडी हिकडं आलती तवा?"

"नाही आण्णा," मी म्हटलं. "हीटर होता."

त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही.