मंदाताईंची मागची ओळ

मंदाताई गेल्याची बातमी मला बाभुळगावच्या एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात कळली, आणि पंगतीत बसलेल्या एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. फोन आला तेव्हा पानात नुकतीच बुंदी पडली होती. फोन खिशात ठेवून मी म्हणालो, "आपल्या मंदाताई गेल्या." शेजारचे पाहुणे हसले. "कंडक्टर, जेवू दे ना लेका. कायले फेकून राह्यला?" समोरून कोणीतरी विचारलं, "कुठं गेल्या, चंद्रावर?" कारण मागल्याच एका लग्नात मी मंदाताईंच्या कथकमधल्या चकरांची गोष्ट सांगितली होती... त्या फिरू लागल्या की सभागृहातला पंखा लाजून बंद पडायचा, ती. चूक त्यांची नाही. सारी उमर एसटीत तिकिटं फाडताना मी तिकिटांपेक्षा थापाच जास्त वाटल्या. त्या दिवशी एक खरं वाक्य मला तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा पान सरकवून मी उठलो तेव्हा कुठे लोकांचे हात थांबले.

ताई मला भेटल्या त्याही एसटीतच. यवतमाळहून सुटलेली गाडी, मी दाराशी उभा राहून तिकिटाच्या पेटीवर तीनताल वाजवत होतो. या पेटीचं मी असं सांगत आलोय की दिग्रसचे प्रवासी समेवर आल्याशिवाय खाली उतरत नसत. मांडीवर घुंगरांची पिशवी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, तेराव्या मात्रेवर तुम्ही पळता. बस सुटते का तुमची?" गाडीभर लोक हसले. पुढच्या रविवारी मी तबला घेऊन त्यांच्या कथकच्या क्लासात हजर झालो, तो एकतीस वर्षं उठलोच नाही. क्लास म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, शहाबादी फरशीची, रस्त्याकडे दोन खिडक्या. ऑटोचे भोंगे आत यायचे, आणि ताई म्हणायच्या, "येऊ द्या. लय पक्की असन तर भोंग्यानं काय होते?"

त्या क्लासाची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. दर गुरुवारी घुंगरू बंद. गुरुवारी सगळ्यात लहान पोरी पुढच्या ओळीत, आणि ज्यांचं शिक्षण आठ-नऊ वर्षं झालं, ज्या स्पर्धा जिंकून आल्या, त्या सगळ्यात मागे. आणि तासभर फक्त पहिला धडा. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. त्या मोठ्या पोरींच्याही मागे, भिंतीला लागून, खिडकीखालच्या फरशीवर ताई स्वतः उभ्या राहायच्या. साठी उलटल्यावरही, गुडघा सुजला असला तरी. पुढे उभी राहून शिकवणारी बाई सगळ्यांनी पाहिली असेल, मागे उभी राहून शिकणारी बाई मी एकच पाहिली. ती फरशी त्यांच्या पावलांनी बोटभर झिजली आहे, पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं आणि चिमण्या पितात, असं मी गावभर सांगत आलो.

माझी नात आरोही त्या ओळींमध्येच वाढली. तिचे आईवडील ढाणकीला दुकान चालवतात. शाळा आणि क्लास, दोन्हीसाठी ती पाच वर्षांची असल्यापासून आमच्याकडे यवतमाळला आहे. पोरगी चांगली नाचते. हे मी वाढवून सांगत नाहीये, ताईंनीच एकदा म्हटलं होतं, आणि ताई चांगलं म्हणायला वर्षातून एकदाच तोंड उघडायच्या. तर तिच्या शाळेत नववीला नवा विषय आला. संगणक किंवा नृत्य, दोनपैकी एक घ्यायचा. नृत्य शिकवायला एक तरुण मॅडम कंत्राटावर आल्या. चाळीस पोरी, पटांगण, शिकवणं पहिल्या पावलापासून. आरोही फॉर्म घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आबा, मी काय करू?" मी तिच्या बापाला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्ही अन् ताई पाहा, मले त्यातलं काय समजते?"

ताईंनी दोन दिवस घेतले. त्यांना सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी मलाच म्हणाल्या, "भाऊ, भीती वाटते. घाईत शिकवतात शाळेत. गॅदरिंग आलं की पाय कसाही पडला तरी चालते. नऊ वर्षं घडवलेला पाय बिघडला तर?" मलाही तेच वाटत होतं, आणि मी होकार भरला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "आरोहीले द्या."

"ट्युशनले गेली."

"मग तुम्ही सांगजा. म्हणा, घे. ती फक्त माझ्यासमोर नाचते, भाऊ. तिथं चाळीस पोरी आहेत, त्याईच्यात उभी राहू दे. तिले मागच्या ओळीत उभं राहता येते का, ते या खोलीत कसं समजन? इथं तर सारेच उभे राहतात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बिघडला पाय तर मी आहे ना सुधरवायले."

फॉर्म सकाळी द्यायचा होता.

आता इथे मी काय केलं ते लिहितो. मी सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं की आरोहीला दिल्लीहून बोलावणं आलंय, मागून परदेशाचंही पत्र येतंय. दिल्लीचं सोडा, नागपूरचंही नव्हतं. पण चहाच्या टपरीवर रोज थोडं थोडं वाढत गेलं आणि लोक रोज विचारू लागले. ती पोरगी उद्या शाळेच्या पटांगणात 'ता थेई थेई तत' करताना दिसली, तर टपरीवर माझं काय राहणार? एवढंच माझ्या मनात होतं. पोरीच्या पायाची काळजी मी त्याच्यावर नंतर पांघरली. आरोही ट्युशनहून आली, चप्पल काढता काढता तिने विचारलं, "ताईंचा फोन आला का?" मी म्हणालो, "आलता. नको म्हणाल्या." तिचा चेहरा पडला. तिला घ्यायचा होता तो विषय, हे मला तेव्हा कळलं. तरी मी थांबलो नाही. नुसतं 'नको' मला पुरलंच नाही, मी त्याला झालर लावली. "ताई म्हणाल्या, जिच्या पायात नदी आहे तिनं नळाखाली कायले उभं राहावं?"

पोरीने संगणक घेतला. आणि ते वाक्य जपून ठेवलं... आपल्या गुरूने आपल्यासाठी काढलेलं वाक्य. वर्गात मैत्रिणींना सांगितलं, मॅडमच्या कानावर गेलं. ताईंना वाटलं, पोरीनेच नाही म्हटलं. विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि सांगायची आरोहीला गरज वाटली नाही. दोन-तीन महिने दोघी एकाच खोलीत, माझ्या ठेक्यावर, एकमेकींपासून जरा जपून वागत राहिल्या.

मग एका गुरुवारी, आरोही आणि बाकी पोरी यायच्या आधीच, त्या तरुण मॅडम स्कूटी लावून क्लासात आल्या. रडवेल्या झाल्या होत्या. "ताई, मी नळ आहे का?" ताईंना आधी काही कळेना. वाक्य पूर्ण ऐकल्यावर त्यांनी एकदाच तबल्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत माझी झालर त्यांना ओळखू येणार नाही तर कोणाला? मी खाली मान घालून डग्ग्याची दोरी ओढत बसलो. आणि ताई मॅडमला म्हणाल्या, "चुकलं माझं. मी असं बोलायले नको होतं." नंतर म्हणाल्या, "आज गुरुवार आहे. वेळ असन तर मागे उभ्या राहा आमच्यासोबत." मॅडम उभ्या राहिल्या. तेव्हापासून दर गुरुवारी येत गेल्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी ताईंकडे गेलो. त्यांचा श्वास तेव्हा बिघडलेला होता. बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मलाही मूठभर दिल्या. मीही सोलू लागलो.

"तुमच्या थापा मले आवडतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "पंख्याची तर मीच लोकाईले सांगतो आता. पण ही एक माझ्या तोंडात काहून घातली?"

मी म्हणालो, "सांगतो ताई आरोहीले. मीच सांगतो."

"कधी?"

"या गुरुवारी."

"मी असताना सांगजा. मागून ती विचारायले कोणाकडे जाईन?" दाणे पितळीत ओतून त्या उठल्या. मी निघताना दारात म्हणाल्या, "मॅडमचा पाय चांगला आहे. कोणी मागं उभंच केलं नाही तिले."

तो गुरुवार आला. मी तबला वाजवला आणि घरी आलो. त्याच्या पुढच्या गुरुवारी ताईंना बरं नव्हतं, म्हणून क्लास झाला नाही. मग ते साक्षगंध, बुंदी आणि फोन.

आता क्लास मॅडम पाहतात. ताईंच्या भाच्याने खोली तशीच ठेवली आहे, किल्ली माझ्याकडे असते. लहान पोरी येतात, मोठ्याही येतात. एकटी आरोही गुरुवारी ओळीत उभी राहत नाही. भिंतीशी बसते, मांडीवर घुंगरांची पिशवी घेऊन, अगदी त्या बसमधल्या बाईसारखी. मी एकदा म्हटलं, "ऊठ ना बेटा." ती म्हणाली, "मॅडमच्या ओळीत? ताई होत्या तोवर ती ताईंची ओळ होती. ताईंचा शब्द आहे, आबा. त्या गेल्या म्हणून मी तो मोडू का?" जो शब्द ताईंनी कधी उच्चारला नाही, तो पाळण्यासाठी पोरगी ताईंची रीत मोडते आहे. आणि मी समोर बसून सोळा मात्रा मोजतो.

हे जिथे छापून येतंय ती पेपरची पुरवणी आरोही वाचते, आधी कोडं आणि मग बाकीचं. तोंडाने सांगायला बसलो तर मी काहीतरी जोडीन, म्हणून लिहिलं. बेटा, ताईंनी 'घे' म्हटलं होतं. त्यांचा निरोप एवढाच होता. नदी आणि नळ माझे. शाळेतलं ते शिक्षण तुझ्या पायाला चांगलं झालं असतं की वाईट, हे मला आजही माहीत नाही. ताईंनाही खात्री नव्हती, पण बिघडलं तर सुधारायला त्या होत्या... आता त्या नाहीत, आणि तो विषयही पुढच्या वर्षी बदलता येत नाही असं शाळा म्हणते.

गेल्या गुरुवारी सगळ्या गेल्यावर मी खोली बंद करायला थांबलो. खिडकीखाली ताईंच्या जागेवर कोणी उभं राहत नाही, पोरी आपसूक एक फरशी सोडून ओळ लावतात. मी खाली बसलो आणि त्या फरशीवर हात फिरवून पाहिला. बोटभर झिजली आहे असं मी गावभर सांगितलं, ती फरशी. झिजलेली नाही. शेजारच्या फरशीसारखीच आहे, तेवढीच सपाट, फक्त तिच्यावर थोडी धूळ बसली आहे.