अर्धी काकडी

"कोणाले सांगू नोको बरं, भाऊ," असं म्हणून तो टोपी काढून मांडीवर ठेवायचा. टोपी मांडीवर आली की समजायचं, आज एखादी बाई येणार.

आसेगावच्या शाळेत आम्ही दोघेच मास्तर. मधल्या सुट्टीत भाकरीचं फडकं सोडलं की याचं सुरू. नागपूरच्या एका वकिलाची मुलगी याला पेटी वाजवून दाखवायची. अमरावतीची एक नर्स याच्या तापात उशाशी बसून रडली. पुण्याच्या एका विधवेनं तर याला सोन्याची अंगठी दिली म्हणे! तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीही घास हातात धरून बसला असता. माझा मात्र नुसता जळफळाट व्हायचा. मेल्याच्या अंगात सदरा एकच, तोही उसवलेला. यात बायांना दिसतं तरी काय? मी तोवर घरच्या बायांखेरीज कोणाशी धड बोललो नव्हतो.

एका दुपारी टोपी डोक्यावरच राहिली. मीच डिवचलं, "काय मास्तर, आज कोण?"

"इथलीच हाय," तो म्हणाला. "नदीकाठच्या मळ्यातली. काकडी मांगतली, तं तिनं मोडून अर्धी देल्ली. मोठा तुकडा मले."

"मंग?"

"मंग काय? त्यायची जात येगळी, माही येगळी."

कोणाला सांगू नको, एवढं म्हणायला तो विसरला.

पुढच्या वर्षी त्याच मळ्यात माझी सोयरीक जमली. त्या घरात पोरगी एकच. काकडीवाली ती हीच, हे कळत होतं, पण नाही म्हणवेना, इतकी ती मनात भरली होती. लग्नात त्यानं अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं आणि महिन्याभरात बदली मागून केनवडला निघून गेला. जाताना एक वाचून वाचून जुनी झालेली कादंबरी माझ्या हातात कोंबली. "घे भाऊ. आता मले हिचं काम नाई."

वाचतो तर काय! एका तरुणाची प्रेमप्रकरणं. वकिलाची मुलगी, पेटी, नर्स, विधवा, अंगठी, सगळं जसंच्या तसं. थापाड्या लेकाचा! मी पोट धरून हसलो. एवढे दिवस मी कागदावरच्या बायांपायी जळत होतो. मग मळ्यातलीही यातलीच असणार, म्हणून शोधायला बसलो. तीनदा वाचली. द्राक्षं आहेत, डाळिंब आहे. काकडी नाही.

"काय शोधून राह्यले इतकं?" बायकोनं विचारलं.

"काई नाई."

माहेरच्या मळ्यातून काकड्या आल्या होत्या. तिनं एक मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढं धरला.

"मले लहान दे," मी म्हणालो.

ती माझ्याकडं पाहतच राहिली.