अर्धी रात्र आत्याबाईंची

आजही रात्री बाराच्या सुमारास मला जाग येते. मी कूस बदलते, ही पाळी आपली नव्हे असं स्वतःला सांगते आणि पुन्हा निजते. ऐकायला सोपं वाटतं, पण मला हे उमगायला सव्वा वर्ष लागलं. आणि शिकवलं कुणी, तर माझी झोप ज्यांनी घालवली त्याच माझ्या सासूबाईंनी.

लग्न होऊन मी मुळशीतल्या भरे गावी आले, तेव्हा आमच्या भागात पिठाची गिरणी नव्हती. घरात घड्याळही नव्हतं. कोंबडा आरवायच्या आधी सुनेनं उठून जात्यावर बसायचं, एवढंच काय ते वेळापत्रक. पावसाळ्यात पीठ दमट होतं, म्हणून रोजचं रोज दळायचं. पहिल्याच आषाढात आमच्या शेतावर भातलावणीची इर्जिक होती. इर्जिक म्हणजे गाव आपल्या शेतात राबायला येणार आणि आपण सगळ्यांना जेवू घालायचं. त्या पहाटे झड अशी लागली होती की उजाडलेलं कळलंच नाही. मला जाग आली तेव्हा माणसं बांधावर पोचली होती आणि डब्यात चिमूटभर पीठ नव्हतं. दुपार कलल्यावर आम्ही भाकऱ्यांच्या पाट्या घेऊन शेतावर गेलो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. चिखलात उभ्या असलेल्या वीसेक माणसांसमोर त्या एवढंच बोलल्या, "सून निजली व्हती, म्हून उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गेले तर एकीनं विचारलं, "आज कोनी उठीवलं गं तुला?" बाकीच्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रात्रीपासून झोप गेली ती गेलीच. डोळा लागला न लागला की छातीत धस्स व्हायचं, उशीर झाला. उठून दार किलकिलं करून बघावं तर बाहेर मिट्ट काळोख. पुन्हा आडवं व्हायचं, पुन्हा धस्स. एकदा चांदण्याला पहाट समजून मी पायलीभर नाचणी दळून काढली. शेवटची मूठ घातली, पीठ भरून ठेवलं, अंगणात येऊन बसले, तरी कोंबडा काही आरवेना. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा म्हणतात. मला मऊ गोधडी चालेना, आणि शेजारी नवरा मात्र धोंड्यासारखा पडलेला. त्याचा मला भयंकर राग यायचा. माहेरी गेले तेव्हा आईनं जायफळ उगाळून दिलं, काशाच्या वाटीनं तळपाय घासले. तिथे मी खुशाल निजले. भऱ्याला परत आले आणि पहिले पाढे पंचावन्न.

पुढे मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना, दिवाळीनंतर, एका सकाळी मी चुलीपुढे तिला पाजत बसले होते. बसल्या बसल्या माझी मान कलली आणि हात सैल पडला. पोर मांडीवरून घरंगळत निखाऱ्याकडे निघाली होती. आत्याबाईंनी झडप घालून तिला उचललं. तिच्या झबल्याची कड करपली होती, एवढ्यावरच निभावलं.

आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी पोरीला थोपटत मला आपादमस्तक न्याहाळलं.

"किती दिस निजली न्हाईस?"

"इर्जिकीपास्नं," मी म्हणाले.

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाल्या, "मीबी. तू उठतीस का न्हाई म्हून जागीच असते. जात्याची घरघर कानावर आली की मग माजा डोळा लागतो." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "त्या दिशी मीबी निजलेच व्हते की. मला जाग आली आसती तर तुला उठीवलं नसतं व्हय? चारचौघांत तोंडातनं तुजंच नाव गेलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. सव्वा वर्ष उरावर ठेवलेलं ओझं कुणीतरी एका बाजूनं धरल्यासारखं वाटलं आणि मला रडू फुटलं.

त्यांना रडणं-बिडणं खपत नसे. त्या लगेच कामाला लागल्या. भात पिकलं की गडी माणसं शेतातल्या माळ्यावर पाळ्या लावून रानडुकरांची राखण करत. त्यांनी तोच कायदा घरात आणला. "आपुनबी पाळी लावू. तिकांडं कौलावर येईपतूर मी जागी. तवर तू बिनघोर नीज. मंग मी उठीवते, म्होरलं तू बघ." तिकांडं म्हणजे आकाशातले ते ओळीतले तीन तारे. पोरीलाही त्यांनी आपल्या कुशीत घेतलं.

त्या रात्री मी अंथरुणावर पडले. माजघरातून त्यांच्या बांगड्या अधूनमधून वाजत होत्या. कुणीतरी जागं आहे, आणि ते मी नाही, एवढं कळलं आणि मी निजले.

जाग आली तेव्हा कौलांच्या फटीतून ऊन गोधडीवर पडलं होतं. गोठ्यात म्हैस ओरडत होती. धावत माजघरात गेले तर आत्याबाई भिंतीला टेकून, पोरीला कवटाळून, तोंड उघडं टाकून घोरत होत्या. सासरे रात्रीची शिळी भाकरी आणि चटणी बांधून केव्हाच शेतावर गेले होते. कुणाचं काही अडलं नव्हतं.

उन्हं चढल्यावर आम्ही दोघी पाणवठ्यावर गेलो. मागे मला टोमणा मारणारी तीच बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "आज तुमचं जातं काय ऐकाय आलं न्हाई."

आत्याबाईंनी घागर बुडवली, भरू दिली, वर काढली.

"न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "आज मी निजले व्हते."

कुणी हसलं नाही. मी वाकून माझी घागर उचलायला गेले, तर मला भली मोठी जांभई आली. मी ती लपवली नाही.