प्रवाळबेटाची बोलणी

कनका राव चेन्नईत मैलापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, पण बालपण आणि तारुण्य गेलं कोलंबोत. वडील तिथे चहाच्या पेढीत नोकरीला होते. त्र्याऐंशीच्या दंगलीत सिंहली जमावानं त्यांचं घर तमिळांचं समजून पेटवलं. घराबाहेर ही माणसं तमिळच बोलायची, कुणाला काय फरक कळणार? शेजारच्या सिंहली बाईंनी तिघांना आपल्या न्हाणीत लपवलं. निर्वासितांच्या जहाजातून मद्रासला आल्यावर वडील फार जगले नाहीत. त्यानंतर कनकांनी सिंहलीचा शब्द कधी उच्चारला नाही.

२००३ साली, पलीकडे युद्धविराम असताना, सामुद्रधुनीतल्या एका निर्मनुष्य बेटासाठी दोन्ही देशांची बोलणी चेन्नईत सुरू झाली. ट्रॉलरची जाळी बेटाभोवतीचं प्रवाळ आणि समुद्रगवत तळापासून खरवडून काढत होती. पलीकडचे मत्स्याधिकारी नंदसेन यांना ना तमिळ येत होतं, ना धड इंग्रजी. दुभाष्या मिळेना, तेव्हा कुणीतरी कनकांचं नाव सुचवलं.

"ते लोकांचं तोंड परत पाहायास जातीस? कशास ग?" आई अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"आमास लपवलं ते बाईही तेच लोकांतल्या की, अम्मा."

पहिल्याच दिवशी कनका अडखळल्या. प्रवाळाला सिंहलीत काय म्हणतात ते आठवेना. सगळे थांबले. नंदसेन हळूच म्हणाले, "हिरिगल, अक्का." थोरल्या बहिणीला तिकडेही अक्काच म्हणतात. कनकांचे डोळे भरून आले, पण त्या बोलत राहिल्या.

अलीकडच्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरमालकांचे पुढारी होते अरुळदास. एका बैठकीत ते उसळून म्हणाले, "गवत वाचवायला माझी माणसं उपाशी मारू का?"

शेजारी बसलेले अलीकडचे अधिकारी कनकांच्या कानाशी लागले, "जरा सौम्य करून सांगा."

कनकांनी जसंच्या तसं सांगितलं. नंदसेनांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "माझी माणसं तर उपाशीच आहेत. त्यांच्या होड्या लहान. गवत गेलं की मासा व्यायचा कुठे?"

अरुळदासांनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरी बोलणी तिथून सुरू झाली. विणीच्या महिन्यांत बेटाजवळ जाळं ओढायचं नाही, यावर दोघं राजी झाले. मसुदा दोन्ही राजधान्यांत गेला, तिथे तीन वर्षं रेंगाळला आणि तेवढ्यात युद्ध पुन्हा पेटलं. बैठका थांबल्या.

मग नंदसेनांचा फोन आला. "अक्का, सह्या राहू देत. एवढा हंगाम तुमच्या नौका लांब राहतील का? तुम्ही विचारून पाहा."

अरुळदास तेव्हा चेन्नईतच होते, सरकारी इस्पितळात. त्यांच्या मेहुण्याला समुद्रात पलीकडच्या नौदलाची गोळी लागली होती. कनका तिथे पोचल्या, तेव्हा ते शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर जमिनीवर बसले होते. कनकांना पाहताच म्हणाले, "टीचर, आज त्या बेटाचं नाव काढू नका."

कनकांनी काढलं नाही. पदर सावरून त्या शेजारी बसल्या. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि नकारार्थी मान हलवून निघून गेले.

त्या हंगामात नौका बेटाजवळ गेल्या, पुढच्या हंगामांतही गेल्या. नंदसेनांना काय सांगावं हे कनकांना सुचेना. अखेर धीर करून फोन लावला, तर तो नंबर बंद झाला होता.

युद्ध संपल्यावर, २००९च्या अखेरीस, बैठक पुन्हा भरली. पलीकडून तरुण अधिकारी आला होता. नंदसेन आदल्या वर्षी हृदयविकारानं गेले, हे त्याच्याकडून कळलं. पाणबुड्यांनी काढलेली बेटाची छायाचित्रं पडद्यावर आली. राखाडी चुरा आणि त्यात अडकलेले जाळ्यांचे तुकडे.

"इथे आता वाचवण्यासारखं उरलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय घेऊ."

कनकांनी ते वाक्य आधी सिंहलीत सांगितलं, मग तमिळमध्ये.

दुपारी जिन्यात अरुळदास भेटले. खूप थकले होते.

"आमच्या नौकाही आता तिकडे फिरकत नाहीत, टीचर," ते म्हणाले. "मासाच नाही."

कठड्याला धरून दोघं सावकाश खाली उतरले.