स्लॅबचे चौदा दिवस

सकाळी साइटवर गेलो, तर नव्या स्लॅबवर पाणी साठवायला केलेली आळी कोरडीठाक. पाणी मारणाऱ्या सखूबाई पाइप गुंडाळत होत्या.

"हापिसातून सांगितलं, इंजिनिअरसाहेब, चार दिवस झाले, आता बंद," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीला चौथ्या दिवशी कुणी कामाला जुंपतं का?"

माझं डोकंच फिरलं. दसऱ्याला ताबा द्यायचा म्हणून सिमेंटनंही घाई करायची? माणसाला दटावता येतं. सिमेंट आपल्याच गतीनं घट्ट होतं. उद्या याच छताखाली कुणाचं तरी पोर झोपणार आहे!

तावातावानं ऑफिसात शिरलो. भिंतीवरच्या वेळापत्रकात पाण्याचे चौदा दिवस खोडून चार केले होते. खाली, सोमवारच्या बैठकीत मुकाट्यानं केलेली, माझीच सही होती.