खालच्या घरी साखरपुडा होता

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घरी सकाळी सिंकखालचा पाइप फुटला, तेव्हा मी आणि सासूबाई दोघीच होतो. गंजलेला कॉक काही केल्या फिरेना. सासूबाईंनी फुटक्या जागी टॉवेल गुंडाळून दोन्ही हातांनी दाबून धरला आणि म्हणाल्या, "तू गच्चीवर जा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद कर."

मी धावत जाऊन तो बंद केला. पाणी थांबलं, पण तोवर स्वयंपाकघरात टाचा बुडतील इतकं साचलं होतं. नेमका त्याच दिवशी खालच्या गुजराती भाभींच्या मुलीचा साखरपुडा होता. त्यांचं छत गळत असणार, या धास्तीने मी खाली गेले. हॉल पाहुण्यांनी भरला होता. मी हळूच विचारलं, "भाभी, ऊपर से पानी आया क्या?"

त्यांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं.

"ऊपर से क्या, नल में भी नहीं आ रहा. इतने मेहमान हैं."

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून त्यांचंही पाणी मीच तोडलं होतं! मला एकदम हसू फुटलं. मग सगळं सांगितलं आणि आमचे भरलेले दोन हंडे खाली आणून दिले. भाभींनी बासुंदीच्या दोन वाट्या हातात ठेवल्या. मी वर आले, तेव्हा सासूबाई फरशी पुसून, पाय पसरून निवांत बसल्या होत्या.